नारिंगी टोपी आणि पंधरावा रकाना

ट्रीनानं ती टोपी घातली ती केवळ पाऊस भुरभुरत होता म्हणून. त्यामागे काही विचार नव्हता, धोरण तर नव्हतंच. टोपी पिकअपच्या सीटवर पडलेली होती आणि केस आदल्या दिवशीच धुतलेले होते. तिनं टोपी डोक्यावर चढवली आणि ती गुरांच्या बाजारातल्या कॅफेत शिरली. (झाल्या प्रकाराची सुरुवात शोधायला गेलं तर ती इथंच सापडते. सासूबाईंच्या, म्हणजे व्हर्लीनच्या मते मात्र ती दोन वर्षांपूर्वी, लग्नातच झाली होती.)

टोपी नारिंगी होती.

कॅफेतलं बोलणं थांबलं. कोपऱ्यातल्या टेबलावर म्हातारा ओर्व्हल बसला होता. त्याची पिवळी टोपी इतकी जुनी होती की ती आता पिवळी आहे हे माहीत असणाऱ्यालाच कळे. त्यानं काटा बशीत ठेवला.

"म्हणजे ठरलं तर," तो म्हणाला.

"काय ठरलं?"

"लोडर. नारिंगी घेताय."

"नाही हो. अजून काहीच ठरलेलं नाही. ही आपली पावसासाठी."

"पावसासाठी," ओर्व्हल शेजारच्या लेस्टरला म्हणाला. लेस्टरनं सावकाश मान हलवली. त्याला ओर्व्हलची दया आली की ट्रीनाची, ते कळलं नाही.

बेकर्स फोर्ड गावात टोपी कुणी उन्हापावसासाठी घालत नाही. यंत्र घेतलं की दुकानदार त्याच्याच रंगाची टोपी देतो, आणि माणूस ती झिजेपर्यंत डोक्यावर बाळगतो. यंत्राचा रंग बदलणं म्हणजे चर्च बदलण्यासारखं. लोक बोलत काही नाहीत, पण थाळी पुढं सरकवताना हात जरा आखडतो. ट्रीना सेंट लुईस शहरातली. तिथं टोपी ही फक्त टोपीच असते.

तिनं तेव्हाच टोपी काढायला हवी होती. पण टोपीखाली केसांचं काय झालं असेल या विचारानं तिचा धीर झाला नाही. ती कॉफी घेऊन बाहेर पडली. दुपारपर्यंत अख्ख्या काउंटीला कळलं की ट्रीनाच्या सासरी, ओडेलांनी, नारिंगी घेतला.

घेतला कुणी नव्हता. खरी पंचाईत तीच होती.

ओडेलांच्या एकतीस गाई. थोरले ओडेल, म्हणजे सासरे, वारल्यापासून तीन हिवाळे व्हर्लीननं त्या जुन्या ट्रॅक्टरवर रेटल्या. हा चौथा हिवाळा चिखलाचा निघाला. गवताचा एक गोल गठ्ठा बाराशे पौंडांचा; तो उचलून ट्रॅक्टर निघाला की अर्ध्या वाटेत रुतून बसे. नऊ वेळा रुतला. नवव्या वेळी साखळी ओढताना व्हर्लीनचा खांदा निखळला. वेड, ट्रीनाचा नवरा, वीज कंपनीच्या तारा ओढायला सोमवारी जायचा तो शुक्रवारी परतायचा. तेव्हा एका सकाळी न्याहारीला, पावासारख्या गरम बिस्किटांवर रस्सा ओतता ओतता, व्हर्लीननं निकाल सांगितला.

"गठ्ठे उचलणारा लोडर घ्यायचा, रणगाड्यासारखा पट्ट्यांवर चालणारा. छोटा. चिखलात न रुतणारा. आणि तो ट्रीनाला चालवता आला पाहिजे, कारण आठवडाभर घरात तीच असते. ईस्टरपर्यंत जमलं तर जमलं. नाहीतर मेच्या पहिल्या मंगळवारी गाई लिलावाला."

वेडचा घास हातातच राहिला. या गाईंच्या आयांच्या आयांना त्याच्या आजीनं बाटलीनं दूध पाजलं होतं. पण ओडेल घराण्यात मन मोकळं करायची पद्धत नाही. तो म्हणाला, "मीठ दे."

"आणि निवडायचा कुणी?" ट्रीनानं विचारलं.

"तू. चालवणार तू, निवडणार तू. कॉलेजात चार वर्षं काय शिकलीस?"

"मानसशास्त्र."

"मग यंत्राचं मन वाच."

ट्रीनाच्या हातातला चमचा बशीत पडला, आणि त्या आवाजानं तीच दचकली. ती तशी कशानंही दचके. टोस्ट वर उडाला तरी दचके, फोन वाजला तरी दचके, आणि फोन वाजता वाजता थांबला तर जास्त दचके. गाईंना ती पहिलं वर्षभर कुंपणापलीकडूनच भेटत होती. आता त्यातली सतरा नंबरची म्हातारी गाय तिच्या कोटाची बाही चाटायची, आणि ट्रीना डोळे मिटून ती चाटू द्यायची. इतपत प्रगती होती. त्या सतरा नंबरला लिलावात आपल्या हातानं पाठवायचं, तेही आपल्याला यंत्र निवडता आलं नाही म्हणून, या कल्पनेनं तिची झोप उडाली.

झोप उडालेल्या माणसानं करावं तेच तिनं केलं. तक्ता केला.

तक्त्यात चौदा रकाने होते. यंत्राची ताकद, उचलायचं वजन, रुंदी, पट्ट्यांचा जमिनीवरचा भार, केबिनला हीटर आहे की नाही. काच पुसायचा वायपर किती मोठा, हाही एक रकाना होता. सात यंत्रांतून तिनं दोन उरवली, एक नारिंगी, एक पिवळं. तिथून पुढं मात्र गाडं अडलं. तेव्हा नारिंगीवाल्या डेल्बर्टनं इथल्या रिवाजाप्रमाणे यंत्र आठवडाभर वापरायला म्हणून सोमवारी अंगणात आणून ठेवलं, आणि जाताना टोपी दिली.

"आधी वापरून बघा," तो म्हणाला. "टोपी अशीच. बंधन काही नाही."

(तो खोटं बोलला असं नाही. ट्रीना ती कॅफेत घालून जाईल हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल.)

पहिला घोळ फाटकाशी झाला. गाईंच्या वाड्याची टेकडीकडची बाजू मोकळी आणि अंगणाकडचं फाटक सहा फुटांचं. तक्त्यात यंत्राची रुंदी साडेपाच फूट. प्रत्यक्षात यंत्र सहा फूट दोन इंच भरलं, कारण तक्त्यातली रुंदी अरुंद पट्ट्यांची होती आणि डेल्बर्टनं चिखल बघून प्रेमानं रुंद पट्टे पाठवले होते.

"दोन इंच," व्हर्लीन म्हणाली.

"पुस्तिकेत पान एकोणीसवर तळटीप होती," ट्रीना म्हणाली. "मी ती वाचली होती. पण दुसऱ्या यंत्राची समजून."

सोमवारी कामावर निघता निघता वेडनं फाटक काढलं, एक खांब उपटला, आणि त्या मोकळ्या जागेत तारेच्या जाळीचा एक तुकडा उभा करून गठ्ठ्यांच्या सुतळीनं बांधून टाकला.

"हे टिकेल?" ट्रीनानं विचारलं.

"ट्रीन, या काउंटीतलं अर्धं कुंपण सुतळीवर उभं आहे."

"आणि उरलेलं अर्धं?"

"ते पडलंय," वेड म्हणाला आणि गेला.

दुसरा घोळ भोंग्याचा. लोडर मागं घेतला की पाठीमागं भोंगा वाजे. टीं, टीं, टीं. पहिल्यांदा वाजला तेव्हा ट्रीना सीटवरून चांगली वीतभर उडाली. आता या यंत्रांना अक्कल असते. सीटवर माणूस नाही असं दिसलं की ती जागच्या जागी थांबतात. लोडर थांबला. भोंगा थांबला. ट्रीना खाली बसली, सीटसमोरची दांडी मांडीवर ओढली, लिव्हर मागं घेतला. टीं. उडाली. थांबला.

"घाबरू नका," डेल्बर्ट बाहेरून ओरडला. "तो आवाज मागच्या लोकांना सावध करायला असतो. तुमच्यासाठी नाही."

"मला सांगून काय उपयोग," ट्रीना म्हणाली. "भोंग्याला सांगा."

पण गठ्ठा चांगला उचलला गेला. चिखलात पट्टे रुतले नाहीत. उचक्या देत का होईना, ती सकाळी दोन गठ्ठे नेऊन टाकू लागली. तिला पुढं वळवणं नीट जमेना, म्हणून जिथं एकदा मागं घेऊन भागलं असतं तिथं ती चारदा घेई. त्यामुळे गाईंना प्रत्येक गठ्ठ्याबरोबर दहा मिनिटं भोंगा ऐकावा लागे. सोमवारी त्या बिचकून टेकडीपलीकडे गेल्या. मंगळवारी लांबून बघत राहिल्या. बुधवारी सतरा नंबर चालत आली. शुक्रवारी पहिली टीं झाली आणि टेकडीवरून एकतीस गाई धावत सुटल्या.

व्हर्लीन ओसरीत उभी राहून बघत होती. या गाई आजवर तिच्या हाकेला येत. तोंडापाशी दोन्ही हात धरून ती 'सूऽऽक, सूऽऽक' अशी लांबलचक हाक घाली, आणि पलीकडच्या ओढ्यापासून जनावर माघारी वळे. ती हाक तिला तिच्या सासूनं शिकवली होती. त्या दिवशी रात्रीच्या जेवणात ट्रीनाच्या वाटचा बटाटा लहान होता.

त्याआधी गुरुवारी दुपारी, म्हणजे टोपीची बातमी काउंटीभर फिरून झाल्यावर, पिवळ्यावाल्या कर्टिसचा फोन आला होता. तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. तो दुखावला होता.

"माझ्या वडिलांनी तुमच्या सासऱ्यांना पहिला ट्रॅक्टर दिला," तो म्हणाला. "आणि आमचं यंत्र साधं बघितलंही नाही."

"नाही हो, तुमचं आहे ना तक्त्यात. चौदा रकाने आहेत."

"ओर्व्हलनं स्वतः पाहिलं. डोक्यावर."

"पाऊस होता."

ट्रीना वाचून दाखवायला तक्ता शोधू लागली.

"शनिवारी सकाळी घेऊन येतो," कर्टिस म्हणाला. "दोन्ही शेजारी शेजारी लावा आणि मग सांगा."

ती हो म्हणाली. फोनवर ती कुणालाही हो म्हणे. एकदा तिनं चुकीच्या नंबरवर आलेल्या माणसाची न्हाव्याची वेळसुद्धा ठरवून दिली होती.

शुक्रवारी तिनं दोन्ही यंत्रांचे मागणीचे फॉर्म भरून तयार ठेवले, म्हणजे ऐन वेळी गडबड नको. रंग ठरला की व्हर्लीननं सही करायची, बस. फॉर्मवर शेवटी दहाबारा चौकटी होत्या: पेला ठेवायची जागा, सीटचा हीटर, असं काही बाही. तिनं आपल्या गरजेप्रमाणे खुणा केल्या आणि फॉर्म व्हर्लीनच्या बायबलखाली ठेवले.

शनिवारी सकाळी वेड अजून अंथरुणात होता. व्हर्लीननं ईस्टरचा टेबलक्लॉथ धुऊन दोरीवर घातला होता. कडेला तिच्या आईच्या हातचं भरतकाम. ट्रीना वाड्यात होती. लोडरवर गठ्ठा घेतलेला, लोडरचे हात वर उचललेले, आणि समोर एकतीस गाई अर्धगोल करून उभ्या, पाहुणे वाढपाची वाट बघत बसतात तशा.

तेवढ्यात घराच्या बाजूनं आवाज आला. टीं, टीं, टीं.

कर्टिस आला होता. ओडेलांचा रस्ता अरुंद, वळायला जागा नाही, आणि त्याच्या ट्रकला लांबलचक ट्रेलर, त्यावर पिवळं यंत्र. म्हणून तो मोठ्या रस्त्यापासूनच उलटा येत होता. त्याच्या ट्रकचा भोंगा नारिंगीपेक्षा दुप्पट मोठा होता.

गाईंनी माना वळवल्या. त्यांच्या हिशेबानं जितका मोठा भोंगा तितकं जास्त गवत. सतरा नंबरनं ट्रीनाकडे एकदा बघून घेतलं (ट्रीनाला ती नजर अजून आठवते) आणि ती निघाली. मागोमाग तीस. सुतळीनं बांधलेली जाळी समोर आली, तेव्हा सतरा नंबर थांबलीसुद्धा नाही. वेडची सुतळी टिकली. बाजूचा खांब आला.

ट्रीना अर्थातच सीटवरून उडाली होती. यंत्र बंद. गठ्ठा हवेत. खाली उतरावं म्हणून तिनं दार ढकललं, तर ते उघडेना, कारण यंत्राचे हात वर असले की या लोडरचं दार उघडत नाही. पुस्तिका, पान एक्केचाळीस. ते पान तिला पाठ होतं. पाठ असून ती काचेच्या पेटीत बसून बघत राहिली.

अंगणात एकतीस गाई कर्टिसच्या ट्रकभोवती जमल्या. कर्टिस शहाणपणा करून आत बसून राहिला. त्याचा पाय ब्रेकवर होता आणि गिअर मागचाच होता, त्यामुळे भोंगा चालूच. एक गाय त्याचा आरसा चाटत होती. दोघी गॅसच्या टाकीला अंग घासत होत्या. गाईंमागून आलेल्या एका वासरानं टेबलक्लॉथ दोरीवरून ओढला आणि तो डोक्यावर घेऊन ते नवरीसारखं ओसरीकडे निघालं.

व्हर्लीन बाहेर आली. दुखरा खांदा विसरून तिनं दोन्ही हात तोंडाशी धरले. "सूऽऽक. सूऽऽक."

एकाही गाईनं कान हलवला नाही.

तिनं पुन्हा हाक घातली. ट्रीनाला ती काचेतून ऐकू आली, आणि दुसऱ्या हाकेचं शेपूट मध्येच तुटलेलंही ऐकू आलं. व्हर्लीनचे हात खाली आले. ती वळून वाड्याकडे बघू लागली. रागानं बघितलं असतं तर ट्रीना आणखी गारठली असती. पण व्हर्लीन नुसती बघत होती; मेचा पहिला मंगळवार आत्ताच अंगणात येऊन उभा राहावा तशी.

ट्रीना खाली बसली. दांडी मांडीवर घेतली. किल्ली फिरवली. गठ्ठा गुडघ्याइतका खाली आणला, कारण वर धरून चालू नये असं दारावरच लिहिलेलं होतं. मग लिव्हर मागं घेतला.

टीं.

ती उडाली नाही. उडायला वेळ नव्हता.

ती वाड्यातल्या वाड्यात गोल गोल उलटी फिरू लागली, जात्याच्या खुंट्यासारखी. अंगणातल्या चारपाच गाईंनी मान वर केली. पण कर्टिसचा भोंगा मोठा होता. ट्रीनानं खिडकी सरकवली आणि आयुष्यात पहिल्यांदा सासूवर ओरडली.

"व्हर्लीन, त्याला पुढं घ्यायला सांगा. पुढं. त्याचा भोंगा बंद झाला पाहिजे."

व्हर्लीनला क्षणात उमगलं. ती ट्रकपाशी गेली, आरसा चाटणाऱ्या गाईला बाजूला सारलं आणि काचेवर टकटक केलं. "कर्टिस, तुझी गाडी पुढं घे."

"बाई, मी तर यंत्र दाखवायला—"

"मला यंत्र दिसलं. पुढं घे."

कर्टिसनं गिअर बदलला. ट्रक पुढं सरकला, आणि साऱ्या शेतात एकच भोंगा उरला. सतरा नंबर वळली. मग दुसरी, मग दहावी. पंधरा मिनिटांत एकतीस गाई रांगेनं वाड्यात परतल्या. टेबलक्लॉथवालं वासरू सगळ्यात शेवटी, मानानं. पायजम्यावर धावत आलेल्या वेडनं जाळी उभी केली. सुतळीनंच.

ट्रीना तरीही गोल फिरत होती. थांबायचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी व्हर्लीननं जाळीशी येऊन हात वर केला.

"पुरे, पोरी. चक्कर येईल."

स्वयंपाकघरात व्हर्लीननं बायबलखालून फॉर्म काढले. नारिंगी वेगळा केला.

"पण पिवळं ट्रेलरवरून उतरलंच नाही," ट्रीना म्हणाली. "त्याचे सहा रकाने रिकामे आहेत."

"गाई कशाला येतात?"

"नारिंगीच्या भोंग्याला. पण तो रकाना तक्त्यात नव्हताच."

"मग पंधरावा आखून घे," व्हर्लीन म्हणाली आणि तिनं सही केली. जेवताना वेडनं आपल्या ताटातला मोठा बटाटा उचलून ट्रीनाच्या ताटात ठेवला. ओडेलांमध्ये यापेक्षा जास्त कुणी कुणाला म्हणत नाही. त्या रात्री, चार महिन्यांत पहिल्यांदा, ट्रीना सलग झोपली.

नवा लोडर ईस्टरच्या आदल्या मंगळवारी आला. अरुंद पट्ट्यांचा, साडेपाच फुटी. फाटक परत बसवलेलं, त्यातून दोन्ही बाजूंना तीन तीन इंच सोडून आत गेला. व्हर्लीन ओसरीत खुर्ची टाकून बसली. गाई टेकडीपलीकडे होत्या. ट्रीनानं गठ्ठा घेतला आणि मोठ्या आत्मविश्वासानं लिव्हर मागं ओढला.

शूऽ, शूऽ, शूऽ.

कुणी तरी बाळाला झोपवावं तसा आवाज. टेकडीवर काही हललं नाही.

"भोंगा कुठाय?" व्हर्लीननं विचारलं.

डेल्बर्टनं कागद पाहिला. "मंद आवाजाचा मागवलाय ना तुम्ही. शेवटून तिसरी चौकट. 'सहज दचकणाऱ्यांसाठी.' खूण आहे इथं."

खुणेभोवती बॉलपेननं दोनदा गोल केलेला होता. ट्रीनानं लोडरच्या वायपरकडे बघितलं. वायपर खरोखर चांगला मोठा होता.

"बदलता येतो," डेल्बर्ट म्हणाला. "भाग यायला सहा आठवडे."

"व्हर्लीन," ट्रीना अगदी हळू म्हणाली, "तुम्ही हाक घालाल का?"

"माझी ऐकत नाहीत. तूच मोडलीस त्यांची सवय." व्हर्लीननं पाय लांब केले. "या घरात हाक सुनेकडेच जाते. माझ्याकडे सासूकडून आली. आता तुझी काय आहे ती घाल."

डेल्बर्ट बघत होता. बरं होतं की वेड कामावर होता. ट्रीनानं खिडकी सरकवली, मान बाहेर काढली, दोन्ही हात तोंडाशी धरले.

"टींऽ," ती म्हणाली. "टींऽ. टींऽ."

टेकडीच्या माथ्यावर सतरा नंबरचं डोकं दिसलं. मग आणखी दोन.

"मोठ्यानं," व्हर्लीन म्हणाली.

ट्रीनानं पोटापासून श्वास घेतला आणि अशी टीं घातली की ओढ्यापलीकडे ओर्व्हलनं ट्रॅक्टर थांबवून मागं वळून बघितलं. एकतीस गाई उधळत खाली निघाल्या. त्या वाड्यात पोचल्या तेव्हा लोडर मात्र वाटेतच बंद पडलेला होता, कारण स्वतःचाच आवाज ऐकून ट्रीना दचकून सीटवरून उडाली होती.